शंभरावी झोळी

गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या सोंडेला बिलगून असलेल्या वरल्या वाडीत गोरखच्या देखत खोकण्याची सोय राहिली नव्हती. कुणी नुसता घसा साफ केला, तरी गोरख हातातलं काम ठेवून त्याच्याकडे वळायचा आणि अत्यंत मायेनं विचारायचा, "छातीत भरल्यागत व्हतंय का रं?" त्या विचारण्यात काळजी खरीच असे, पण काळजीच्या मागून एक आशाही डोकावत असे, आणि ती साऱ्या वाडीला दिसत असे.

गोरखचे नव्याण्णव झाले होते.

वाडीला रस्ता नव्हता त्या काळात आजारी माणूस झोळीतून खाली न्यावा लागे. घोंगडीची दोन टोकं बांबूला बांधायची, मधे माणूस निजवायचा आणि पुढेमागे दोघांनी खांदा देऊन डांबरी सडकेपर्यंत उतरवायचा. पुढे जीप, टेम्पो, देव धाडील ते. गोरखनं पहिली झोळी उचलली ती बाविसाव्या वर्षी. त्यानंतर पस्तीस वर्षं पुढचा खांदा त्याचा आणि मागचा चिमाजीचा. साप चावलेले, हिरड्याच्या झाडावरून पडलेले, अडलेल्या बायका, आणि एकदा तर पैजेवर बुंदीचे लाडू खाऊन आडवा झालेला नवरदेवाचा मामा. एकही माणूस वाटेत दगावला नाही.

मोजण्याचे नियम गोरखनं स्वतःच घालून घेतले होते. माणूस आपल्या पायांनी उतरू न शकणारा हवा आणि तो जिवंतपणी डांबराला टेकायला हवा. नियमांच्या बाबतीत त्याची कडवी निष्ठा होती. एक बाई वाटेतच बाळंत झाली, तेव्हा चिमाजी म्हणाला होता, "पोरगं धरून दोन मोज." गोरखनं मान हलवली. "झोळीत येकच चढलं हुतं."

हा हिशेब त्यानं जिवाला लावून घेण्याचं कारण निराळं होतं. जवानीच्या भरात तो पद्मावतीच्या देवळासमोर बोलून गेला होता, की शंभर माणसं सुखरूप उतरवीन तेव्हाच तुझ्या पुढ्यात येईन. चारपाच वर्षांत आटपेल असा त्याचा अंदाज होता. वाडीची प्रकृती मात्र अंदाजापेक्षा ठणठणीत निघाली. दर नवरात्रात सगळी वाडी गडावर देवळात जाई आणि गोरख बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखी. नव्याण्णव भरले आणि चार वर्षांपूर्वी वाडीत डांबर आलं. त्या रस्त्यासाठी गोरखनंच आपल्या शेताचा बांध सोडला होता, खडीही अंगमेहनतीनं पसरली होती. आता फोन केला की रुग्णवाहिका दारात उभी राही. त्याला त्याचा खराखुरा आनंद होता. फक्त रात्रीच्या भाकरीला तो अधूनमधून म्हणे, "येक ऱ्हायला बग."

"देवी काय नव्याण्णवाला हाकलून देनार हाय व्हय?" रतनबाई, त्याची बायको, तव्यावरून नजर न काढता म्हणे. "अन तुमी लोकास्नी असं न्याहाळू नका. आपल्या दारावरनं जाताना मानसं श्वास धरून जात्यात."

चिमाजीचा तर तो रोजचा खेळ होता. पारावर गोरख दिसला की तो कंबर धरून वाकायचा, विव्हळायचा, आणि गोरख धावत आला की ताठ उभा राहून विचारायचा, "कितवा म्या?"

माघातल्या एका रविवारी दोघे गोठ्याची कुडाची भिंत नवी करायला मेसाचे बांबू तोडायला वर गेले होते. दुपार कलली होती. चार बांबू पडले, आणि गोरख पाणी प्यायला झऱ्याकडे वळला तो जागीच थबकला.

अंजनीच्या दोन झाडांच्या मधे एक झोळी टांगलेली होती. हिरव्या तलम कापडाची. वर निळी ताडपत्री, खाली दोरीला लटकलेले भलेमोठे बूट, शेजारी पिशवी. झोळीत चाळिशीच्या आतबाहेरचा एक माणूस तोंड उघडं टाकून पडला होता. डोळ्यांवर काळी पट्टी, कानात नारिंगी बोळे.

"चिमा," गोरख हलक्या आवाजात म्हणाला, "हिकडं ये. रोगी हाय."

वरल्या वाडीत आजवर झोळीत दोनच प्रकारची माणसं निजली होती, तान्ही आणि आजारी. हा गृहस्थ तान्हा नव्हता.

चिमाजीनं कानांतले बोळे पाहून टोपी काढली. "आरं, ह्यो गेला वाटतं."

गोरखनं नाकाशी हात धरला. "न्हाई. श्वास चाललाय. डोळ्यालाच काय तरी झालंय, पट्टी बांदलीया." मग त्यानं भोवती पाहिलं, आणि त्याच्या कपाळावरची शीर तटतटली. "पन ह्येचे खांदेकरी कुठं हायेत?"

"म्हंजी?"

"झोळी हितवर चालत आली का? दोन मानसांनी आनली असंल. अन रोगी झाडाला टांगून पळाली!" पस्तीस वर्षांत गोरखनं असा निर्दयपणा पाहिला नव्हता. "अन बांदलीया बग कशी. ढोलकीवानी ताणलीया. खांदे आवळून निघाले बिचाऱ्याचे."

त्यानं दोनदा "पावणं, पावणं" म्हणून हलवलं. पाहुण्यानं फक्त ओठ चाटले. मग गोरख थांबला नाही. त्यानं नवा बांबू झोळीवर आडवा धरला, झाडांना गुंडाळलेल्या पट्ट्यांत अडकवलेल्या कड्या एकेक करून सोडवल्या, टोकं बांबूला आवळली आणि मधलं कापड चांगलं हातभर सैल सोडलं. माणसाला त्यानं अलगद तिरपं केलं. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या. झोळीत सरळ निजवलेल्या माणसाची पाठ कोयत्यागत वाकते आणि तिरप्याची सपाट राहते, हे त्याला तिसऱ्याच खेपेला कळलं होतं.

"डावा टाकतो," पुढून गोरख म्हणाला.

"मग म्या उजवा," मागून चिमाजी म्हणाला. दोघांचा एकच पाय पडला तर झोळी हेलकावे घेते. म्हणून मागच्यानं नेहमी उलटा पाय टाकायचा. चार वर्षांनी पावलं पुन्हा तशी पडली आणि गोरखच्या मानेवर काटा आला.

झोळीतल्या माणसाचं नाव श्रीपाद. पुण्यात विम्याच्या कचेरीत तो वरच्या जागेवर होता आणि गेली दोन वर्षं पाठीवरचं सामान घेऊन एकटाच जंगलात निजायला जात होता. प्रत्येक वस्तू तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घेई. ओझं घटावं म्हणून त्यानं दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली होती. त्याच पिशवीत आईनं दिलेला चिवड्याचा स्टीलचा डबा होता, तो मात्र तोललेला नव्हता. पहाटे चारला घर सोडलेलं, त्यात सर्दीची गोळी घेतलेली. दुपारी जरा आडवं व्हावं म्हणून तो पडला होता.

तो जागा झाला तेव्हा वाट निम्मी सरली होती. पट्टी वर सारून त्यानं पाहिलं, तर झाडं उलट्या दिशेनं चालली होती.

"अहो! अहो, काय चाललंय?"

"गप पडा पावणं," गोरख वळून न पाहता म्हणाला. "ताकद घालवू नगा."

"मला कुठं नेताय?"

"दवाखान्यात."

"पण मला काही झालेलं नाही!"

"समदे असंच म्हंत्यात. लाडवाचा मामाबी असंच म्हनला हुता."

"अहो काका, मी झोपलो होतो! मुद्दाम! ती माझी झोळी आहे, मीच बांधली आहे!"

गोरख थांबला. झोळी हळूच टेकली गेली. श्रीपाद उठून बसला, त्यानं कानातले बोळे काढले आणि पाच मिनिटं सगळं समजावून सांगितलं. चिमाजी तोंडात उपरणं कोंबून झाडाआड गेला. तिथून कोंबडी धरल्यासारखे आवाज येत राहिले. गोरख दगडावर बसला. त्याचा चेहरा पाहून श्रीपादलाच वाईट वाटलं.

"पावणं," गोरख म्हणाला, "घरी निजायला जागा न्हाई का तुमास्नी?"

"आहे की. तीन खोल्या आहेत."

गोरखनं यावर मान डोलावली, पण ते त्याला पटलं नव्हतं. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि लाजत, मोडक्या वाक्यांत, नव्याण्णव माणसांची आणि देवीची हकिगत सांगितली. "डांबर दिसतंय बगा त्ये. तेवडं येईस्तवर पडून राव्हाल का?"

श्रीपादनं पाठीला हात लावून पाहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच झोळीतून उठल्यावर पाठ दुखत नव्हती. शिवाय बूट वर राहिले होते आणि पायांत नुसते मोजे होते. "पडतो," तो म्हणाला.

विहिरीपाशी अंबूबाई कळशी भरत होती. झोळी पाहताच तिनं पदर खोचला. "आगं बया! कोन हाय?"

"पुन्याचं पावणं," गोरख म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तो तेवढंच बोलून थांबला.

"काय व्हतंय त्येस्नी?"

गोरख जमिनीकडे पाहू लागला. अखेर झोळीतूनच क्षीण आवाज आला, "पोटात... जरा..."

"ओवा!" अंबूबाई कडाडली. घरातून तिनं ओव्याचं कढत पाणी आणलं आणि श्रीपादचं नाक धरून तांब्याभर घशात ओतलं. त्यानंतर तो जे विव्हळला, त्यात खोटं काही नव्हतं.

डांबराला झोळी टेकली. गोरखनं ओठ उघडले, आणि त्याच क्षणी त्याच्या रुग्णानं टुणकन उठून आपली झोळी बांबूवरून सोडली, गुंडाळली आणि तिलाच शिवलेल्या नारळाएवढ्या पिशवीत कोंबून काखेला मारली. गोरखनं ओठ मिटले.

"न्हाई," तो म्हणाला. "ह्यो न्हाई मोजता यायचा."

"का रं?" चिमाजी उसळला. "बूट न्हाईत म्हंजी चालता येत न्हाई. जित्ता टेकला का न्हाई? मोज अन मोकळा हो!"

"म्या सांगितलं म्हून पडून ऱ्हायला त्यो. देवीला काय सांगू? फसवाफसवी करून आलो म्हून?"

सामान वर राहिलं होतं आणि दिवस अजून बराच होता. चिमाजीनं आपल्या वहाणा श्रीपादला दिल्या, बांबू खांद्यावर टाकला आणि तिघे पुन्हा चढले. गोरख सगळ्यांत मागे.

वर पोचल्यावर चिमाजीची नजर बुटांवर गेली. "सायेब, घालून बगू का?"

"बघा की."

बूट त्याला दोन बोटं मोठे होते. तरी तो छाती काढून अंजनीभोवती दिमाखात फिरला. "बग गोरखा, आता म्याबी पुन्याचा. घरदार सोडून झाडाला..." तेवढ्यात ताडपत्री ताणून धरणारी बारीक दोरी बुटाच्या टोकाला अडकली आणि पुणेकर चिमाजी ताडपत्रीसकट आडवा झाला. पाय मोठ्या बुटात निराळाच वळला होता.

बूट काढेपर्यंत घोटा टम्म फुगला. गोरख गुडघ्यावर बसला, हळुवार बोटांनी घोटा चाचपला. "हाड शाबूत हाय. लई दुखतंय का रं?" त्याच्या आवाजात काळजी होती. मग ती जराशी बाजूला सरकली. चिमाजीनं ते पाहिलं.

"न्हाई!" तो ओरडला. "गोरखा, त्या बांबूकडं बगू नगंस! म्या चालत येनार!"

तो उठला, एक पाऊल टाकलं आणि कोकलून बसला. मग रांगू लागला. गोरखनं अडवलं नाही. त्यानं श्रीपादकडून हिरवं कापड मागून घेतलं, बांबूला टोकं आवळली, हातभर सैल सोडलं, आतली सुरकुती तळव्यानं नीट केली आणि वाट पाहत उभा राहिला. दहा हातांवर एक काटेरी झुडूप आलं. चिमाजी थांबला.

"हळू उचल," तो झुडपाकडे पाहत म्हणाला.

"डावा टाकतो," पुढून गोरख म्हणाला. मागच्या खांद्याला पाठीवर पिशवी घेतलेला श्रीपाद होता. त्यानंही डावाच टाकला. झोळी घड्याळाच्या लंबकासारखी हलू लागली.

"उजवा, सायेब, उजवा! मळमळतंय मला! अन खांदा वर घ्या, टाळकं दगडाला लागतंय! पस्तीस वर्षं मागं चाललो म्या, कुनाचं टाळकं लागू दिलं न्हाई!"

"रोग्यानं बोलायचं न्हाई," गोरख म्हणाला. त्याच्या पाठीवरूनही तो हसतोय हे कळत होतं.

विहिरीवर अंबूबाई अजून होतीच. मघाशी झोळीत असलेला पाहुणा आता झोळी वाहत येताना पाहून तिनं कळशी खाली ठेवली. "काय गुण हाय बगा ओव्याला!" ती म्हणाली, आणि चिमाजी काही सांगण्याआधी घरात वळली. नाक त्याचंही धरलं गेलं.

डांबराला झोळी टेकली तेव्हा उन्हं गडाआड कलली होती. गोरखनं चिमाजीच्या मानेखाली हात दिला, त्याला बसतं केलं, घोटा आपल्या मांडीवर घेतला. चिमाजीनंच खाकरून घसा मोकळा केला आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "शंभर!"

रतनबाई दारात आली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिनं एकदा पाहिलं आणि काही न विचारता ओटीचं सामान काढायला ती आत गेली.

"उद्या तू गडावर देवळात गेल्यावर चपला कोन राखनार मग?" श्रीपादच्या डब्यातला चिवडा खात चिमाजी म्हणाला. मग त्याचा हात मधेच थांबला. "गोरखा, ह्यो माजाबी शंभरावाच की?"

"तू कशाला मोजतोस? तुला तर त्याचं हसू यायचं."

"मोजला असंल कुनी मनातल्या मनात! सांग की."

गोरखनं नियम मनात नीट तपासून पाहिला. "तू आत हुतास. आतल्याला मोजता येत न्हाई. तुजे नव्याण्णवच."

चिमाजीनं डबा बाजूला ठेवला आणि श्रीपादकडे वळून, अत्यंत मायेनं, त्याच्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं.

"सायेब," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येताय न्हवं?"