न सांगता बंद पडणारं इंजिन

"सुन, पाँच सौ फुट पर इंजन काटूँगा. तैयार रहना," सर सगळ्यांसमोर मला म्हणाले. मग बाकीच्या पोरांकडे वळून, "इन लोगों को बताकर करना पड़ता है. सरकार ने भेजा है, सँभालकर रखना है."

पोरं हसली. मीही हसले.

रायपूरजवळचं फ्लाइंग स्कूल. बाबा रेल्वेत फिटर, आम्ही बौद्ध, मी सरकारी शिष्यवृत्तीवर. सरांना माझं आडनावच पुरेसं होतं.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे शिकवताना सर अचानक थ्रॉटल मागे ओढून इंजिनाची ताकद काढून घेत. आपण तात्काळ विमानाचं नाक खाली करायचं, वेग राखायचा आणि समोर मिळेल त्या मैदानात उतरायचं. धावपट्टीकडे परत वळायचं नाही. भीतीने हातपाय गार पडतात. ती भीती पोटात असतानाच हे शिकायचं असतं. बाकीच्यांना सर कधी आधी सांगत नसत.

अपमान झाला, खरं आहे. पण त्याच्याही आधी मला हायसं वाटलं होतं. याचीच लाज वाटते.

माझ्यानंतरच्या तुकडीत सरिता आली. रायपूरच्या उरला या कारखान्यांच्या भागातली, बाप लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये. आमच्याच समाजाची, त्याच शिष्यवृत्तीवर. एकदा कँटीनमध्ये तिने विचारलं, "दीदी, सर मले आधीच सांगून देतात. काहून?"

"तुले काय करायचं आहे? आपले उडायचे घंटे पूरे कर," मी म्हटलं.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात ती एकटी उडाली आणि इंजिन खरोखरच बंद पडलं. या वेळी सांगायला कोणी नव्हतं. तिने नाक वर ओढलं आणि विमान धावपट्टीकडे वळवलं. वेग संपला. विमान शेतात आदळलं. सरिता वाचली, पण कंबरेखाली तिला काही जाणवत नाही.

इस्पितळात तिची आई माझा हात धरून बसली. "घरी तुयंच नाव घे. दीदी म्हनते तसंच करीन म्हने." मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "इनके बस का है ही नहीं." मग माझ्याकडे बघून, "आज तेरा भी चेक है. पाँच सौ फुट पर काटूँगा."

मी उभी राहिले. "मत बताइए, सर. सरिता को भी नहीं बताना था. जाँच में यही बोलूँगी."

"तू भी तो ऐसे ही पास हुई है. तेरा भी लाइसेंस जाएगा."

"जाने दीजिए."

या वेळी कोणी हसलं नाही.

उद्या चौकशीला माणसं येतायत. मी सांगणार आहे. आम्हाला शिकवलं नाही, नुसतं पास केलं. सरिताने विचारलं तेव्हा तिचं तोंड मीच बंद केलं. माझीही ती उड्डाणं रद्द करा. मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा, न सांगता. आणि या माणसाला आता कोणत्याही विद्यार्थ्याच्या शेजारी बसू देऊ नका.