मोबाइलातला मासा आणि लोणीदादाचा वस्तरा

"अहो, चहा निवला. उठा आता."

"थांब गं. एक गिऱ्हाईक राहिलंय."

"कुठलं गिऱ्हाईक? घरात तुम्ही न् मी दोघंच."

"हे काय, टोपीवालं. तांबडा मासा मागतंय. आधीच तोंड लाल व्हायला लागलंय त्याचं, त्यात तू बोलू नकोस."

बायकोनं कपाळाला हात लावला. जन्मभर खऱ्या गिऱ्हाइकांच्या हनुवट्या धरल्या आणि आता उतारवयात खोट्या गिऱ्हाइकांना भात वाढत बसलाय, असं काहीतरी पुटपुटत ती कप उचलून परत गॅसकडं गेली.

गडी मात्र मोबाइलात मान घालून बसला होता. बोटाच्या टोकानं त्यानं माशावरची ठिपक्यांची रेघ धरली, श्वास आवरला आणि बोट खाली ओढलं. मासा सरळ कापला गेला. तुकडा भाताच्या गोळीवर बसला, बशी सरकली, टोपीवाला खूश झाला आणि घंटी वाजली. टण्ण! तेव्हा कुठं त्यानं धरून ठेवलेला श्वास सोडला.

बाजारात सगळे त्याला लोणीदादा म्हणत. सलून त्याचं, दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीवर तो, दुसरीवर त्याचा मेव्हणा. वस्तरा गालावरून फिरला तरी माणसाला कळत नसे, इतका हात मऊ; त्यावरून हे नाव पडलं. दाढी करता करता माणसं घोरायची. मेव्हण्याच्या खुर्चीवर कुणी घोरत नसे. त्याचा हात वाईट नव्हता, पण कुंपण छाटायला आल्यासारखा चाले.

हा सुशीचा खेळ लोणीदादाच्या मोबाइलात बायकोनंच आणून दिलेला. त्यानं उभ्या जन्मात सुशी खाल्लेली नव्हती. "कच्चा मासा आणि गार भात, आणि त्यासाठी माणसं रांग लावतात? उपाशी आहेत का येडी आहेत?" असं पहिल्या दिवशी तो म्हणालेला. पण खेळ साधा होता. अंगठ्यानं भात दाबायचा, बोटानं रेघेवरून मासा कापायचा, बशी पुढं सरकवायची. बोट रेघेबाहेर गेलं की तुकडा वाकडा, गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं, आणि ते उठून चालतं. एका दुकानातली सगळी गिऱ्हाइकं राजी झाली की पुढचं दुकान.

ती रेघ बघितली आणि लोणीदादाच्या डोक्यात किडा वळवळला.

त्याच्या थोडं आधीच एकदा जेवायला बसल्यावर वाटीवर चमचा वाजला होता. एकटाच, खडखड खडखड. त्यानं चटकन चमचा खाली ठेवला आणि बायकोकडं बघितलं. तिचं लक्ष नव्हतं. उरलेलं जेवण त्यानं चमच्याशिवाय उरकलं. त्याच्या बापाचाही हात असाच थरथरायला लागलेला. बापानं कुणाला सांगितलं नाही, आणि एके दिवशी एका माणसाच्या कानाची पाळी कापली. त्यानंतर बाप दुकानात नुसते टॉवेल घड्या घालत बसायचा, आणि गिऱ्हाइकं त्याच्याशी मुद्दाम गोड बोलायची. ते गोड बोलणं लोणीदादाच्या कानात अजून होतं.

डॉक्टरकडं जायचं म्हटलं की पाय मागं यायचा. डॉक्टर काय ते सांगून मोकळा होणार, आणि मग ते खरंच होणार. त्यापेक्षा त्यानं आपल्यापुरता एक कायदा केला. सकाळी खेळातलं एक दुकान वाकडा तुकडा न पडता पार झालं, तर त्या दिवशी वस्तरा हातात घ्यायचा. नाही झालं, तर नुसती कात्री न् मशीन. माशावर ज्याचं बोट घसरतं त्यानं माणसाच्या गळ्यापाशी जाऊ नये, हा साधा हिशेब. सांगितलं कुणालाच नाही. सांगायचं म्हणजे चमच्यापासून सांगावं लागलं असतं.

सुरुवातीला बोट घसरायचं. मग तो मेव्हण्याला म्हणायचा, "आज पाठ धरलीय, दाढ्या तू बघ." घरी ताटावर बसला की घास गिळायचा नाही. बायको काही बोलली तर वस्सकन अंगावर यायचा. आणि मग एका आठवड्यात काय झालं कुणास ठाऊक, तुकडे सरळ पडायला लागले. रोज सकाळी टण्ण! लोणीदादाला वाटलं, कोमट पाण्यात हात बुडवून मुठी आवळतोय त्याचा गुण आला. छाती पुढं आली. पाठ बरी झाली. मेव्हण्यानं एकदा वस्तऱ्याला हात लावला तर म्हणाला, "ठेव तो. आपलं काम आपल्याला येतं."

गेले दोन महिने असे गेले.

त्या दिवशीही टोपीवाला राजी करून तो दुकानात आला. पहिलंच गिऱ्हाईक बसड्रायव्हर. हा माणूस वर्षानुवर्षं लोणीदादाशिवाय कुणाला गालाला हात लावू देत नसे. तो खुर्चीत पसरला, डोकं मागं टेकलं, डोळे मिटले. लोणीदादानं ब्रशनं फेस चढवायला घेतला. बाकावर शिंप्याची सून बसली होती, लेकीचे केस कापून घ्यायला आलेली. लेक आरशात जीभ काढून बघत होती आणि सून मोबाइलात गुंग. तिच्या मोबाइलातून ओळखीचा आवाज आला. घंटी नव्हे, गिऱ्हाईक उठून गेल्याचा.

"कितव्या दुकानात अडलीस?" लोणीदादानं हसत विचारलं.

"तुम्हीपण खेळता, काका? बंदरावरच्या दुकानात अडलेय हो. मासा वाकडाच कापला जातो मेला."

"बंदर? ते तर मी कधीच मागं टाकलं. हात हलका पाहिजे. आण इकडं, दाखवतो."

त्यानं हात पुसले, मोबाइल फळीवर ठेवला आणि ऐटीत बोट ओढलं. तुकडा वाकडा. त्यानं घसा खाकरला. परत ओढलं. वाकडा. तिसऱ्यांदा बोट रेघ सोडून पार मासा कापायच्या पाटाच्या कडेला गेलं, आणि समोरचं गिऱ्हाईक पाय आपटत निघून गेलं.

मेव्हणा फिदीफिदी हसला. "दाजी, मासा जिवंत होता वाटतं."

"काच खराब आहे हिच्या मोबाइलची."

"काच नवी आहे, काका," सून म्हणाली. "तुमच्या खेळात मदत चालू असेल. माझ्या सासूबाई तशाच खेळतात. ती चालू असली की बोट कुठंही ओढा, मासा सरळच कापला जातो. कोपऱ्यात चाकाची खूण आहे ना, तिथं बघा."

लोणीदादानं खिशातून आपला मोबाइल काढला. चाकाची खूण त्यानं आजवर कधी दाबली नव्हती. दाबली. मदत चालू. त्यानं ती बंद केली आणि सकाळचंच दुकान काढलं, तोच टोपीवाला, तोच तांबडा मासा.

वाकडा.

दोन महिने. किती गळे, किती माना, मागं टेकलेली किती डोकी! गेल्या आठवड्यात हेडमास्तरांच्या हनुवटीखाली रक्ताचा ठिपका आला होता, तेव्हा पुटकुळी होती म्हणून तुरटी फिरवून तो मोकळा झालेला. खरंच होती का पुटकुळी? त्याला आता आठवेना. आठवायला जावं तर कधी दिसायची, कधी नाही.

"अहो, फेस वाळायला लागला," ड्रायव्हर डोळे न उघडताच म्हणाला.

लोणीदादानं वस्तरा उचलला. ड्रायव्हरच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. वस्तरा कानाशी नेला. हात हलतोय का? बघितलं तर हलत नव्हता. पण तो बघत होता म्हणून हलत नव्हता, का खरंच हलत नव्हता? नजर काढली तर काय होईल? कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला. त्यानं वस्तरा मिटला.

"एक मिनिट," म्हणून तो मागच्या मोरीपाशी गेला आणि बायकोला फोन लावला.

"खेळातली ती मदत तू चालू केलीस?"

"हो. का?"

"का म्हणजे? मला विचारायचं तरी."

"खेळाचं काय विचारायचं? हरलात की ताटावरून उठत होता. अंगावर येत होता. म्हटलं, जिंकू दे बापड्याला, घरात शांतता तरी राहील. राहिली की नाही?"

लोणीदादानं तोटी आवळून बघितली. नळ थेंब थेंब गळत होता.

"अहो, आहात का?"

"मी त्या खेळाच्या भरवशावर वस्तरा धरत होतो."

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. चमच्यापासून. हळू आवाजात, नळाकडं तोंड करून.

"मला सांगायचं नाही होय हो?" ती म्हणाली. आवाज रागाचा होता, पण नेहमीचा राग नव्हता. "मी मेली खेळ समजून बसले! आता हातात काय आहे तुमच्या?"

"वस्तरा."

"ठेवा तो खाली."

"गिऱ्हाईक बसलंय."

"त्याला मान आहे ना? मग ठेवा. मी दवाखान्यात नंबर लावते. संध्याकाळी यायचं. पाठ धरली म्हणालात तर खरंच मोडीन."

तो बाहेर आला. वस्तरा मेव्हण्याच्या हातात दिला. "हे तू कर."

"पाठ?"

"पाठ नाही. हात."

मेव्हण्याचं हसू जागच्या जागी राहिलं. ड्रायव्हरनं मात्र डोळे उघडले. "का हो? माझी दाढी तुम्हीच करता."

"आज मला माझ्या हाताचा भरवसा नाही."

ड्रायव्हर आरशातून त्याच्याकडं बघत राहिला. "ब्रेकचा भरवसा नसला तर मीपण गाडी काढत नाही. बरं केलंत सांगितलंत." मग काहीतरी मनात येऊन तो थांबला. "कालपर्यंत होता ना पण भरवसा?"

हो म्हणून टाकलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. जीभ तिकडं वळलीही होती.

"होता. पण खोटा होता. दोन महिने तुमचं नशीब चांगलं होतं म्हणायचं."

ड्रायव्हरचा हात आपसूक गळ्याकडं गेला आणि बोटांना फेस लागला. तो रागावला होता की घाबरला होता, तोंडावरच्या फेसामुळं कळेना. पुढच्या वेळी हा माणूस येईल का, हेही कळेना. "चालू दे," एवढंच तो मेव्हण्याला म्हणाला, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. मेव्हण्यानं दाढी करायला घेतली, आणि जन्मात पहिल्यांदाच हळू.

शिंप्याची सून उठून उभी राहिली होती. लेकीचा हात तिनं धरला होता, आणि तिच्या मनात काय चाललंय ते लोणीदादाला दिसत होतं. थांबावं की जावं?

"कात्री चालते," तो म्हणाला. "कात्रीला दुसऱ्या हातातल्या कंगव्याचा आधार असतो. मानेवरचे तेवढे कापतो. कपाळावरचे तू घरी काप, नाहीतर थांब, मेव्हणा मोकळा झाला की तो कापेल."

तिनं थोडा विचार केला. मग लेकीला उचलून खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसवलं आणि स्वतः खुर्चीला खेटून उभी राहिली, अगदी जवळ. नेहमी ती बाकावर बसायची.

लोणीदादानं पोरीच्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ मारायला नेहमीपेक्षा वेळ लागला; की आज तो वेळ मोजत होता म्हणून तसं वाटलं? त्यानं फवाऱ्यानं केस ओले केले. पोरगी खिदळली.

"डोकं खाली घाल," तो म्हणाला. "अजून. अस्सं." कंगवा मानेला टेकवला आणि कात्री चालवायला घेतली.