दिपालीने पुसलेली चार नावं

दिपाली ही वळसंगच्या बिरप्पा मेंढपाळाची पोरगी. जुळे सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. मुदत सोमवारी संपत होती, आणि कायम व्हायचं तर दूध संघाचं काम तडीस न्यायला हवं होतं. गावोगावच्या केंद्रांतल्या नोंदी आपोआप मुख्य कचेरीत पोचवायच्या. त्यासाठी तिने दोन आयती टूलकिटं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार प्रोग्रॅम, आठ दिवस चालवून पारखली. एक चपळ, पण नेट गेलं की नोंदी गिळून बसायचं. दुसरं संथ, पण नेट आलं की राहिलेलं सगळं इमानाने पोचवायचं. आपल्याकडं नेटचा काय भरवसा! तिने दुसरं घेतलं.

ते चार अनोळखी माणसांनी लिहून जगाला फुकट दिलेलं. अट एकच: वापरा, बदला, विका, पण फाइलींवरची आमची नावं राहू द्या. कंपनीचे मालक एकनाथ सर म्हणाले, "नावं काढ. आयतं आणलंय असं संघाला वाटायला नको."

दिपालीने मुकाट काढली. नोकरी कुणाला नको असते?

रविवारी घरी गेली तर मेंढ्यांची कातरणी उरकलेली. एकच मेंढी लोकरीसकट उभी. पाठीवर हिरवा पट्टा. बिरप्पाच्या मेंढ्यांना लाल असतो.

"आप्पा, हिला का सोडली?"

"आपली न्हाय ती. होटगीच्या रानात मिसळली. कातरली तर पट्टा जाईल की. मग धनी वळखंल कसा?"

 दिपालीला लाज वाटली, लई वाटली.

सोमवारी सकाळी तिने चारही नावं जिथल्या तिथं लावली आणि नावांसकट कामाचा अहवाल सरांना अन् दूध संघाला एकदमच पाठवला. सर असे तडकले म्हणता!

"तुझं कायमचं पत्र तयार आहे, फक्त सही राहिलीय. संघाला फोन कर, चुकून गेलं म्हण."

"चूक आधी झाली होती, सर. आता नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

 डबा उचलून ती ताठ मानेने बाहेर पडली, आणि स्टँडवर येऊन तिने घरी फोन लावला.

"आप्पा, आला का मेंढीचा धनी?"

"न्हाय अजून."

"येईल की. तवर मी हाय घरी. मी सांभाळते तिला."