फैलाका बेटावर फिनिशियनांच्या शोधात

कुवेतमधला आमचा हा शेवटचा शुक्रवार. पुढच्या आठवड्यात गाशा गुंडाळून कायमचं पुण्याला. एसी लावून दिवसभर लोळायचा माझा बेत होता, पण बायको, म्हणजे माधुरी, सकाळीच म्हणाली, "अहो, फिनिशियनांचं शहर बघितल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

माधुरी प्राचीन इतिहासाची एम.ए. भूमध्य समुद्र गाजवणारे फिनिशियन व्यापारी मूळचे याच आखातातले, असं ग्रीकांनी लिहून ठेवलंय म्हणे. तेव्हा कुवेतच्या किनाऱ्यासमोरच्या फैलाका बेटावर त्यांचं एखादं शहर असणारच, ही तिची खात्री. पण मुलीची शाळा, माझी बँक आणि सुट्टी लागली की पुणे, यात तिथं जाणं राहूनच गेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी मुकाट्यानं उठलो.

वाऱ्यानं बोट अशी हिंदकळली की माझा नाश्ता समुद्राला अर्पण झाला. माधुरी शेजारी बसून दशमी-चटणी खात होती. "फिनिशियन असते तर तुम्हाला वाटेतच उतरवलं असतं," एवढंच तिनं सांत्वन केलं.

बेटावर कुंपणाआड गुडघाभर उंचीच्या भिंती दिसल्या. ही चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमून लोकांची घरं, तो ग्रीकांचा किल्ला, असे फलक होते. फिनिशियनांचं नाव कुठंच नाही. माधुरीनं सगळे फलक पुन्हा एकदा वाचून काढले आणि तिचा चेहरा उतरला. थट्टा करायला माझी जीभ रेटेना. खूप वाईट वाटलं.

ती तरातरा पुढं निघाली, पिशवी घेऊन मी मागं. इराकी आक्रमणात रिकामं झालेलं गाव लागलं. माणसं इथं पुन्हा राहायला आलीच नाहीत. गोळ्यांनी भिंतींची चाळण झालेली. गावाच्या टोकाला वाळूत अर्धवट बुडालेली एक दगडी भिंत बघून माधुरी ओरडलीच.

"ही बांधणी बघा! समुद्रातला दगड, वर चुन्याचा गिलावा. आणि ही काजळी म्हणजे इथं चूल असणार. हे ग्रीकांच्याही आधीचं आहे, लिहून ठेवा!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "ये मेरा माँ का किचन है."

पांढरा दिशदाशा (पायघोळ अंगरखा) घातलेले एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांचे वडील गलबतातून मुंबईला खजूर न्यायचे, तिथून ही हिंदी घरात आलेली. आता ते तिकडं किनाऱ्यावर, एगैलाला मुलाकडं राहतात आणि हवा बरी असली की शुक्रवारी इथं येऊन बसतात.

माधुरी लालबुंद झाली. "सॉरी हज्जी, हमको लगा बहुत पुराना है."

"मैं भी तो पुराना है!" म्हणत ते खोकला येईपर्यंत हसले. आम्हालाही हसू आवरेना. "तफद्दल (या, आत या)."

घराला दार नव्हतं, छप्पर नव्हतं, जमिनीवर घोटाभर वाळू. तरी उंबऱ्याशी माधुरीनं चपला काढल्या. तिचं बघून मीही बूट काढले. म्हातारबुवांचं हसू थांबलं. त्यांनी वाकून स्वतःच्याही चपला काढल्या आणि आमच्या शेजारी नीट लावून ठेवल्या.

"लोग आता है, फोटो निकालता है, बूट से घूमता है," ते म्हणाले. "आज मेरे घर में मेहमान आया."

मग गहवा (वेलदोड्याची कॉफी) आणि खजूर, त्यावर आमची दशमी. चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी मागून घेतली. आई मुरब्बियान (कोळंबी भात) कशी करायची, बहिणी कुठं झोपायच्या, पाण्याचा रांजण कुठं होता, माधुरी विचारत राहिली आणि ते खोलीखोलीतून हिंडत दाखवत राहिले. फिनिशियनांची तिला आठवणही झाली नाही.

निघताना ते म्हणाले, "अगले जुम्मे को आना. मुरब्बियान खिलाता हूँ."

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुण्यात असणार, हे त्यांना सांगवेना. चपला घालता घालता माधुरी मराठीतच म्हणाली, "येते हं."

"मतलब?"

"हमारे यहाँ जाते समय 'जाती हूँ' नहीं बोलते, हज्जी. 'आती हूँ' बोलते हैं."

"अच्छा है," ते म्हणाले आणि हात हलवत उंबऱ्यातच उभे राहिले.

परतीच्या बोटीवर मी विचारलं, "मग, शहर राहिलंच ना बघायचं?"

"घर बघितलं की," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

गेले कित्येक दिवस ऑफिसात, शेजारीपाजारी, वाण्याकडं मी सगळ्यांना ऐकवत सुटलो होतो, "आता कायमचा जातो." उद्यापासून एकेकाला पुन्हा गाठून 'येतो' म्हणायचं, असं मी बोटीवरच ठरवून टाकलं.