आबांच्या कानात सांगितलेला उतारा

“मॅडम, उताराच चूक आहे,” पूजा म्हणाली आणि मॉक टेस्टचा पेपर तिनं माझ्यापुढे सरकवला.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी हिंगोलीतल्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सची प्रवेश परीक्षा म्हणजे पानंच्या पानं उतारे. उतारा वाचायचा आणि खालच्या ऑप्शनपैकी उताऱ्याला धरून असलेलं उत्तर निवडायचं. चुकलं तर मिळवलेले मार्कही कापतात, त्याला निगेटिव्ह मार्किंग म्हणतात. पाठांतर इथे कामाला येत नाही.

तो उतारा थंड देशातल्या मेंढ्यांवर होता. तिथं लोकर वर्षातून एकदा कातरतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पूजानं ‘दोनदा’वर खूण केली होती.

“दोनदा काहून?”

“आमी दोनदाच कातरतो, मॅडम.”

पूजा शिरड शहापूरची, घरी मेंढरं. चराईवरून वडलांना गावोगाव बोलणी खाताना तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. आपल्या बाजूनं बोलणारं कुणी तरी पाहिजे, म्हणून तिला वकील व्हायचं होतं. वडलांनी एकच संधी दिली होती. ॲडमिशन मिळाली नाही तर परत गावी, जवळच्या कॉलेजात बी.ए.

मी तिचे जुने पेपर काढून बसले, तेव्हा गंमत कळली. व्हेल माशावरचा उतारा बरोबर. जपानची रेल्वे बरोबर. मेंढरं, हळद, आठवडी बाजार आला की धडाधड चुका. जे ठाऊक नाही ते ती नीट वाचायची. जे ठाऊक आहे ते वाचायचीच नाही, घरचं उत्तर देऊन मोकळी व्हायची.

“तुला काय माहीत आहे हे कुणी विचारलेलं नाही,” मी दहादा बजावलं. “लिहिणारा काय म्हणतोय तेवढंच सांग.” ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

अशात तिचे वडील आणि आजोबा क्लासवर आले. आजोबांना, म्हणजे आबांना, ऐकू येत नाही. पूजा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगते तेवढंच त्यांना कळतं. क्लासचे मालक खुर्चीत रेलले होते. त्यांना बोर्डावर लावायला फोटो हवे असतात, आणि पूजाचा फोटो लागेल असं त्यांना वाटत नव्हतं.

“पोरगी दिवसभर वाचूनच राहिली, सर,” वडील म्हणाले. “मग मार्क काहून येईनात?”

“तिचं इंग्रजी कच्चं आहे. वकिलीचा नाद सोडा, बी.ए.ला टाका.”

“काय म्हणले सर?” आबांनी विचारलं.

पूजा त्यांच्या कानाशी वाकली. “सर म्हणतात, पोरीचं इंग्रजी कच्चं हाय. वकिलीचा नाद सोडा, बी.ए.ला टाका.”

एक शब्द इकडचा तिकडे नाही. डोळे भरले होते, पण आवाज सरळ. मला गलबलून आलं. आणि त्याच वेळी मास्तरकीची खोड जागी झाली. अरे, या पोरीला उतारा वाचता येतो की!

“आन म्याडम काय म्हणतात?” आबा.

“एक महिना द्या,” मी म्हणाले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

“म्याडम म्हणतात, एक महिना द्या.”

आबांनी होकारार्थी मान हलवली, आणि विषय संपला.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, “आबांना सांगताना तू स्वतःचं काही का घातलं नाहीस?”

“घालून कसं चालंल? त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळणार न्हाई. मी बदललं तर ते बदललेलंच खरं धरतील.”

“मग ही खुर्ची म्हणजे आबा. उतारा वाचायचा आणि त्यांना सांगायचा. त्यांना आवडो, न आवडो.”

पोरं खिदळली. पूजा मात्र रिकाम्या खुर्चीकडे वळून सांगायला लागली. “आबा, हा माणूस म्हणतो, लोकर एकदाच कातरतात.” मग जरा थांबून, “म्हणू द्या त्याला.”

पुढच्या टेस्टला तिचा शेवटचा उतारा राहूनच गेला. मालक म्हणाले, “बघा.” मी बघितलं. सोडवलेलं जवळजवळ सगळं बरोबर होतं. मग वेळ लावून सराव केला. खुर्ची सुटली, नुसते ओठ हलायचे, नंतर तेही थांबले.

परीक्षेत मेंढ्या आल्याच नाहीत. बँका आल्या, कोर्टाचे निकाल आले. पूजाला संभाजीनगरला ॲडमिशन मिळाली. बोर्डावर तिचा फोटो लागला, आणि मालक येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकानं दाखवू लागले.

निघायच्या आधी ती आबांना घेऊन पेढे द्यायला घरी आली. मला कौतुक नीट करता येत नाही. मी म्हणाले, “होस्टेलवर वेळेवर जेव. आजारी पडू नकोस.”

“काय म्हणल्या म्याडम?” आबांनी विचारलं.

पूजा त्यांच्या कानाशी वाकली.

“म्याडम म्हणतात, तुमची नात लई हुशार हाय.”

आबा तोंडभर हसले आणि त्यांनी मला हात जोडले. पूजा माझ्याकडे न बघता पेढ्यांचा पुडा उघडत राहिली.

उताऱ्यात नसलेलं उत्तर चूक, हे मी आजही वर्गात ओरडून सांगते. त्या दिवशी मी मार्क कापले नाहीत.