ओढली का?

आमच्या हॉटेलात तिला सगळे वहिनी म्हणतात, अगदी साहेबसुद्धा. कारण तिची नणंद तिला वहिनी म्हणायची, आणि दोघी एकाच पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या असायच्या. मी खाली लाँड्रीत. धुतलेल्या चादरी वर पोचवायला जाते, म्हणून मला सगळं दिसतं, आणि दिसलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

घरी दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण चादर हातात आली की काय जमायचं म्हणता! वहिनी आपली बाजू ताणून विचारायची, "ओढली का?" पलीकडून नणंद, "ओढली गं!" की दोघी एकदम कोपरे खोचायच्या. सुरकुती शोधून दाखवा. एकोणीस वर्षं हेच.

मग शेजारच्या शहरातल्या नव्या हॉटेलानं नणंदेला पळवलं. सुपरवायझर केलं. जाताना धड बोललीसुद्धा नाही, बया! तिच्यामागे निम्म्या बायका गेल्या. जाहिराती दिल्या, पण कामाचं माणूस येतंय कुठं? आलंच तर चार दिवसांत पळतंय. वहिनी एकटीच पलंगाभोवती फिरायला लागली. या बाजूनं ओढ, वळसा घाल, त्या बाजूनं ओढ. अशा चौदा खोल्या. कंबर गेली ती गेलीच, पण दिवसभर तोंडातून शब्द नाही, हे तिला जास्त खात होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरीही भिंतीच. "अगं, भांडायला तरी कुणी हवं," असं मला म्हणाली आणि डोळे पुसले.

शेवटी साहेबांकडे गेली. "मला जोडीला एक बाई द्या."

"देतो की! आधी नव्यांना शिकवायला तुमचा व्हिडिओ करू. माणसं तयार झाली की पहिली तुम्हाला."

वहिनी हरखली. माझ्याकडून गणवेशाला कडक इस्त्री करून घेतली, तर व्हिडिओत घेतले नुसते हात! तिनं चादर ताणली, सवयीनं विचारलं, "ओढली का?" आणि थांबली. कोण उत्तर देणार? मग एकटीनंच दोन्हीकडून खोचली. साहेब घाईत, त्यांनी ते विचारणं-थांबणं व्हिडिओत तसंच राहू दिलं.

नव्या पाच जणी आल्या. व्हिडिओ बघून इतक्या तयार झाल्या की साहेब म्हणाले, "वहिनी, एकेकीला एकेक मजला जमतोय. आता जोडी कशाला?" मला तर चप्पल काढावीशी वाटली. वहिनी नुसतं "बरं" म्हणाली.

परवा चादरी घेऊन वर गेले, तर वहिनी एका खोलीच्या दारात थबकलेली. आत नवी मुलगी एकटीच पलंग करत होती. चादर ताणून तिनं समोरच्या रिकाम्या बाजूला विचारलं, "ओढली का?" जरा थांबली, मग खोचायला लागली.

"कुणाला विचारतेस गं?" वहिनी म्हणाली.

"कुणाला नाही. असंच शिकवलंय. इथं विचारून थांबायचं असतं."

वहिनी आत गेली. पलीकडचं टोक उपसून हातात धरलं. "घे परत."

मुलीनं चादर ताणली. "ओढली का?"

"ओढली गं," वहिनी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

मुलगी गोंधळून बघत राहिली. "काकू, हे व्हिडिओत नाहीये."