राउटरचा पत्ता बदलला, भाऊंचा रस्सा चालूच

मंडळी, आज मी भलतीच खूश आहे! दुपारचीच गोष्ट सांगते.

आमची छोटी इंटरनेट कंपनी. मी कुडव्याच्या ऑफिसात, भोजराजभाऊ बोदलकसा तलावाजवळच्या टॉवरवर. दोन्हीकडच्या राउटरला एरियाचा पत्ता असतो, म्हणजे तो नेटवर्कच्या कोणत्या भागातला ते. निदान एक पत्ता सारखा असला, तरच आमचे राउटर एकमेकांशी बोलतात. आज दोघांचाही बदलायचा होता, तोही इथूनच. चुकलं तर तिकडच्या गावांचं नेट बंद, आणि सेटिंग भाऊंना येत नाही, म्हणून मी भर उन्हात स्कूटीवर!

पण राउटरला एका वेळी दोन पत्ते चालतात. म्हणून आधी दोन्हीकडे नवा जोडायचा, मगच जुना काढायचा.

तिथे मोबाइलला रेंज नाही. भाऊंचा फोन आमच्याच नेटवर चालतो. म्हटलं, "भाऊ, बोलत राहा. आवाज तुटला की समजेन, लिंक गेली."

"काय बोलू ताई?"

"काहीही! सकाळी काय जेवलात?"

भाऊ सुरू झाले. तलावातली मासोळी कोणी आणली, कशी साफ केली. तोवर दोन्हीकडे नवा पत्ता जोडला. वाटणापर्यंत आले, तेव्हा तिकडचा जुना काढला. शेवटी माझ्याकडचा जुना काढला आणि फोन कानाला घट्ट लावला.

"...मंग रश्श्यात चिंच टाकली..."

"भाऊ, झालं!" मी ओरडलेच.

"कुठं झालं ताई? भाताचं तं सांगाचंच राहिलं!"

तिकडच्या गावांत कोणाला काही कळलंसुद्धा नाही. म्हणून तुम्हाला सांगून राहिले! नीट झालं की कोणालाच कळत नाही, असं तुमचं काम कोणतं?